आधी पाणी, मग घर

पुण्याच्या पेठांमधला वाडा पडल्याची बातमी बहुधा पावसाळ्यात येते. संततधार लागते, दोन-तीन दिवसांत एखादी भिंत बसते आणि वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात: जीर्ण वाड्याची भिंत कोसळली. वाचणाऱ्याची समजूत होते की वाड्याचं वय झालं होतं. पण वयाने वाडा पडत नाही. दोनशे वर्षांचं सागवान कोरडं राहिलं असेल, तर आजही त्यात खिळा मारताना सुताराला घाम फुटतो. वाडा पडतो तो वर्षानुवर्षं आत मुरत गेलेल्या पाण्याने. म्हणून जुन्या वाड्याचं आजच्या कुटुंबासाठी घर करायला निघालेल्याने फरशी आणि रंग यांचा विचार मागे ठेवावा. या घरात पाणी येतं कुठून, थांबतं कुठे आणि बाहेर जातं कसं, हे आधी पाहावं. बाकीचे निर्णय त्यावरून आपोआप सोपे होत जातात.

वाडा उभा कशावर असतो? खाली काळ्या दगडाचं जोतं. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. हा कडीपाट म्हणजे खालच्या माणसाचं छत आणि वरच्या माणसाची जमीन. बाहेरच्या भिंती खाली दगडाच्या किंवा भाजक्या विटांच्या, वर गेल्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, दोन-तीन फूट जाड. पुष्कळ वाड्यांत खांब या भिंतींच्या पोटात गाडलेले असतात. त्यामुळे भिंत भार उचलते असं वाटतं, पण खरा भार लाकडी सांगाड्याने घेतलेला असतो.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात हे फार मोठी किंमत देऊन दिसलं. अनेक घरांत लाकडी सांगाडा जागेवर उभा होता आणि त्याच्याभोवतीच्या दगडमातीच्या भिंती ढासळल्या होत्या. दगड मातीत बसवलेले, भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, वर मातीचं जड धाबं. माणसं या भिंतींखाली आणि मातीखाली सापडली. पेठेतल्या वाड्यालाही हा धडा लागू आहे. भिंत दुरुस्त करताना दोन्ही थर आरपार जाणाऱ्या दगडांनी बांधायचे, भिंत सांगाड्याला पट्ट्यांनी जोडायची आणि वरचं अनावश्यक वजन उतरवायचं. हे वजन किती असतं त्याचा हिशोब करून बघा. १०० चौरस मीटरच्या मजल्यावर कडीपाटावर १५ सेंटिमीटर माती असेल, तर ती १५ घनमीटर माती झाली. घनमीटरला दीड टन धरला तरी २२ टनांहून जास्त. तीच माती ओली झाली की आणखी जड होते आणि हे सगळं तुळयांच्या टोकांवर येतं.

दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. ते साधारण पाच-सहा फुटांचं असतं आणि सगळा वाडा त्याच मापात बसवलेला असतो. नवी रचना करताना हे माप मोडू नये, असं माझं ठाम मत आहे. एका खणाच्या रुंदीत न्हाणीघर बसतं, दोन-तीन खणांत झोपायची खोली होते. खणात बसेल अशी भिंत खांबाला खांब धरून जाते आणि कुठलीही तुळई तोडावी लागत नाही. खण न जुमानता आखलेली खोली मात्र कुठेतरी खांब हलवायला लावते, आणि खांब हलवला की वाड्याचं गणितच हलतं.

आता पाण्याकडे येऊ. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वाड्याचं छप्पर १५० चौरस मीटर धरलं, तर वर्षाला एक लाख लिटरहून थोडं जास्त पाणी त्यावर पडतं, आणि त्यातलं बहुतेक चार महिन्यांत. जुन्या बांधणाऱ्यांनी याची सोय केली होती. दोन्ही पाखांना पुरेसा उतार, भिंतीपासून लांब जाणारी वळचण, चौकाला फरसबंदी आणि तिथून बाहेर काढलेली मोरी. दर वर्षी मृगाआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या. वाडा टिकला तो या शाकारणीवर.

घरातल्या पाण्याचा हिशोब मात्र अगदी वेगळा होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आलं. काळा हौद, फडके हौद, साततोटी हौद ही नावं आपण अजून पत्ता सांगताना घेतो, ती त्या काळच्या पाण्याची आठवण. पाणी हौदावरून किंवा आडातून भरून आणायचं, आणि धुणं-भांडी, आंघोळ हे सगळं जोत्याच्या पातळीवर, बहुतेक परसात. माडीवर पाणी जायचं ते तांब्यातून.

आजच्या शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागतं, असं आपल्याकडच्या नियोजनात धरतात. पाच माणसांच्या घरात दिवसाला ६७५ लिटर, वर्षाला जवळजवळ अडीच लाख. म्हणजे आकाशातून छपरावर जेवढं पाणी पडतं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आपण स्वतः नळाने वाड्याच्या पोटात आणतो, आणि तेही बाराही महिने. छपराच्या गळतीची सगळ्यांना काळजी असते. माडीवरच्या न्हाणीघरातून कडीपाटात झिरपणाऱ्या पाण्याची कुणाला नसते, कारण ते दिसत नाही. दिसतं तेव्हा तुळई गेलेली असते.

वाडा विकत घेणार असाल किंवा वडिलोपार्जित वाड्याचं काम काढणार असाल, तर तो भर पावसात बघा. उन्हाळ्यात सगळेच वाडे चांगले दिसतात. सोबत हातोडी आणि दाभण ठेवा. खांबावर, तुळईवर हातोडीने हलकेच ठोका. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. दाभण सहज आत गेलं तर तिथे खूण करा. सगळ्यात आधी तपासायच्या जागा दोन: खांबाचा तळ, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो आणि वाळवीलाही तिथेच फावतं. शेजारच्या वाड्याला लागून असलेल्या सामाईक भिंतीवरची पन्हळ जरूर पाहा. दोन मालकांमधली जागा म्हणून ती कुणीच साफ केलेली नसते.

शेजारचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहत असेल, तर धोका दुप्पट होतो. दीड-दोनशे वर्षं झाकलेली मातीची भिंत एका दिवसात उघडी पडते. तिला ना गिलावा, ना वळचण. त्यात शेजारी तळघराचा खड्डा खणला की जोत्याचा आधारही सुटतो. अशा वेळी शेजाऱ्याचं काम सुरू होण्याआधीच लेखी बोलणं करून घ्यावं. भिंतीला टेकू, वर पत्र्याचं आच्छादन आणि पावसाळ्याआधी गिलावा, या तीन गोष्टी मिळाल्याच पाहिजेत. मातीची भिंत पाण्यात उभी राहिली की काय होतं, ते पुण्याने १२ जुलै १९६१ला पाहिलं. पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली मातीच्या भिंतींची किती तरी घरं बसली.

कुजलेलं टोक दिसलं म्हणजे तुळई बाद झाली असं होत नाही. दोन्ही बाजूंनी टेकू देऊन भार उचलायचा, कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि तिथे जुन्या सागवानाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडून पोलादी पट्ट्यांनी व बोल्टांनी आवळायचा. जुनं सागवान पाडलेल्या वाड्यांमधून वखारीत येतं आणि ते पूर्ण वाळलेलं असल्यामुळे नंतर पिळत नाही. नवं टोक भिंतीत चिणून टाकू नये. खाली दगड द्यावा आणि तिन्ही बाजूंनी बोटभर हवा खेळू द्यावी. भिंतीत लाकूड गुदमरलं की ते पुन्हा कुजणार.

गुदमरण्याचा विषय निघालाच आहे, तर सिमेंटबद्दल बोलायला हवं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत वाड्यांचं जे नुकसान चांगल्या हेतूने झालं, त्यात सिमेंटच्या गिलाव्याचा वाटा मोठा आहे. भिंतीची माती पडायला लागली, मालकाने गवंडी बोलावला, गवंड्याने वरून सिमेंट थापलं. भिंत दोन वर्षं छान दिसली. मग तळाशी ओल आली, पांढरे क्षार फुलले आणि गिलाव्याचे पोपडे मातीसकट सुटले.

जमिनीतलं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांमधून वर चढतं. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत ते जेवढं चढतं तेवढं पृष्ठभागावरून उडूनही जातं, त्यामुळे ओल फूट-दीड फुटावर थांबते. सिमेंटचा थर दाट असतो. पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून ते आणखी वर चढतं आणि जिथे वाट मिळेल तिथे, बहुधा लाकडाच्या टोकाशी, जाऊन थांबतं. शिवाय सिमेंट कडक, भिंत मऊ. ऋतूप्रमाणे भिंत हलते, सिमेंट हलत नाही. बारीक तडे पडतात, त्यातून पाऊस आत जातो आणि आतच अडकतो.

चुन्याचं वागणं निराळं आहे. चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुलतो, विरतो. हे करताना डोळे आणि हात जपावेत, कारण हा चुना भाजतो. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरवाल तितका तो चिकट आणि मऊसूत होतो. पूर्वी तो वाळूबरोबर, किंवा विटांच्या पुडीबरोबर म्हणजे सुरखीबरोबर, बैलाच्या घाण्यात मळत. त्यात गूळ, बेलफळाचा चीक, हिरड्याचं पाणी, भिजवलेल्या उडदाचं पाणी घालत. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत चुनखडी होतो. या प्रवासाला महिने लागतात, म्हणून चुन्याच्या कामात घाई चालत नाही. पण त्यातून जो गिलावा तयार होतो तो भिंतीबरोबर हलतो, वाफ बाहेर जाऊ देतो आणि बारीक तडा गेला तर पाण्यात विरघळलेल्या चुन्याने तो काही अंशी स्वतःच भरून काढतो.

सिमेंट काढायचं असेल तर छिन्नीने, हळूहळू, एका वेळी थोडा भाग घेऊन. मग निदान एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी वाळू द्यायची. मालकांना हे सगळ्यात अवघड जातं. हप्ते सुरू झालेले असतात आणि भिंत नुसती उभी असते. तरी हा उन्हाळा चुकवू नये. त्यानंतर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट लावला तर ही सगळी मेहनत वाया जाते.

बाहेरच्या बाजूलाही पाहावं लागतं. पेठांमधले रस्ते डांबराचे थर चढून चढून उंच झाले आहेत. कधीकाळी दोन-तीन पायऱ्या चढून ओट्यावर जायचं, आता काही ठिकाणी ओटा रस्त्याला टेकला आहे आणि पावसाचं पाणी दिंडी दरवाजातून आत येतं. रस्ता आपल्या हातात नसतो. पण दरवाज्यापाशी जाळीची आडवी गटार आणि भिंतीलगत दगडगोट्यांनी भरलेला चर हे आपल्याला करता येतं. चौकात ओतलेलं काँक्रीट फोडून पुन्हा दगडी फरशी बसवली, तर जमिनीतली वाफ चौकातून उडते आणि भिंतीकडे सरकत नाही.

आता त्या अडीच लाख लिटरचं काय करायचं? नियम एकच पाळा: पाण्याच्या सगळ्या खोल्या एकावर एक, वाड्याच्या मागच्या बाजूला, आणि शक्य तर जुन्या लाकडावर अजिबात भार न देता. परसाकडच्या एका-दोन खणांत स्वतःच्या पायावर उभा राहणारा पोलादी सांगाडा करावा आणि खालचं स्वयंपाकघर, वरचं न्हाणीघर-संडास त्याच्यावर बसवावेत. जुना कडीपाट शेजारी राहतो, ओला होत नाही. नळ भिंतीत गाडू नयेत, उघडे ठेवावेत. गळती त्याच दिवशी दिसते. फरशी बसवण्याआधी न्हाणीघरात दोन दिवस पाणी तुंबवून खालून तपासावं. हजार लिटरची टाकी भरली की तिचं वजन एक टन होतं, म्हणून तीही या नव्या सांगाड्यावरच असावी.

स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र जुन्या वाड्याची नक्कल करू नये. माजघर आणि त्यामागचं स्वयंपाकघर हा वाड्यातला सगळ्यात काळोखा भाग. बायकांचं सगळं आयुष्य त्या धुरात गेलं, आणि ओसरीवरचा उजेड पुरुषांच्या वाट्याला आला. परसामागचे अरुंद बोळ, ज्यांतून मैला वाहून नेणारी माणसं ये-जा करत, तेही याच रचनेचा भाग होते. त्या माणसांनी पुढच्या दाराने यायचं नाही हे वाड्याच्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. महिरपी, सुरूचे खांब, केळफुलं जपावीत, मनापासून जपावीत. हा काळोख जपण्याचं काही कारण नाही. पाण्याचा उभा मार्ग मागे ठेवूनही स्वयंपाकघर एका बाजूने चौकाला उघडं करता येतं. मधली भार न घेणारी भिंत काढली की चौकातला उजेड थेट ओट्यापर्यंत पोहोचतो आणि स्वयंपाक करणारा माणूस, मग तो कुणीही असो, घराच्या मध्यावर येतो.

चौक काचेने बंद करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. चौक हे वाड्याचं श्वास घेण्याचं ठिकाण आहे. गरम हवा तिथून वर जाते आणि ओसरीतून गार हवा आत ओढली जाते. आच्छादन हवंच असेल तर ते छपरापेक्षा दोन-तीन फूट उंच घ्यावं आणि चारही बाजूंनी झडपा उघड्या ठेवाव्यात.

विजेचं थोडक्यात. लाकडी पट्ट्यांवरच्या जुन्या तारा एकही न ठेवता काढाव्यात, नव्या तारा बंद नळीतून लाकडाच्या वरून न्याव्यात, अर्थिंग नव्याने करावं आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. सागवानी घरात आगीची भीती खरी आहे. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८च्या आगीत गेल्या.

कागदपत्रांचा भाग रूक्ष असला तरी बहुतेक कामं तिथेच अडतात. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव आणि वारस चार शहरांत, ही पेठेतली नेहमीची स्थिती. भाडेकरू असतील तर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होतो. त्याआधीच्या १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली आणि दोन पिढ्या कौलं परतायलासुद्धा भाड्यातून पैसे निघेनात. यात मालकाला किंवा भाडेकरूला दोष देत बसण्यापेक्षा, दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीनंतरची जागा दोघांनी आधी कागदावर ठरवावी. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामा करून पाडायचा, सी-२ए म्हणजे रिकामा करून मोठी दुरुस्ती करायची, सी-२बी म्हणजे रिकामा न करता मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आपला वाडा कशात धरला आहे ते पाहा, आणि पटत नसेल तर लाकडी बांधकाम समजणाऱ्या संरचना अभियंत्याकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. काँक्रीटची सवय असलेला अभियंता वाडा पाहून लगेच ‘पाडा’ म्हणण्याची शक्यता असते.

शनिवारवाड्याजवळच्या मालकांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. १०० मीटरच्या आतलं घर १६ जून १९९२च्या आधीचं असेल, तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे तिथे पाडून इमारत बांधणं शक्य नाही. चांगली दुरुस्ती हाच एक रस्ता आहे.

पैसे कमी असतील, आणि बहुतेकांकडे ते कमीच असतात, तर क्रम असा ठेवा: छप्पर आणि पन्हळी, मग गटारं आणि जोतं, मग लाकूड, मग भिंती. स्वयंपाकघराची कपाटं आणि दिवे शेवटी. काही वाडे खरोखर वाचण्यापलीकडे गेलेले असतात. तिथे हट्ट करून माणसांचा जीव धोक्यात घालू नये. पण पाडण्याआधी मापं घेऊन आराखडा काढावा, फोटो काढावेत, आणि सागवान दुसऱ्या एखाद्या वाड्याच्या दुरुस्तीला जाईल असं पाहावं. ज्यांचा वाडा अजून उभा आहे आणि मोठ्या कामाला पैसे जमायला दोन-चार वर्षं लागणार आहेत, त्यांनी तोवर निदान एवढं करावं: येत्या मे महिन्यात कौलं परतून घ्यावीत, शेजाऱ्याला बरोबर घेऊन सामाईक पन्हळ साफ करावी आणि माडीवर गळणारा नळ बंद करावा.